चार कानवले

परवा आमच्या सोसायटीच्या बायकांच्या ग्रुपवर निरोप आला. पूर्णा-दापोड्याच्या गोदामांत माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या गरजू कामगारांना दिवाळीचा फराळ वाटायचा आहे, तरी प्रत्येक घरानं एक खोका द्यावा, घरी केलेलं नको, पाकीटबंदच द्यावं, आणि वाटपाला येताना फोटोसाठी शक्यतो साडी नेसावी. खाली हात जोडल्याची चित्रं. वाचून माझं डोकं असं फिरलं की चहा तसाच टाकून मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. सून म्हणाली, "आई, चांगलं काम आहे की. तुम्ही कशाला चिडता?" चांगलं काम आहे हे मलाही कळतं. अजून हातपाय चालतात, तशी अक्कलही चालते. पण मला चीड आली, आणि ती कुठून आली हे तिला उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं. त्यासाठी भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या आमच्या चाळीपर्यंत मागं जावं लागतं, मी सहावीत होते त्या दिवाळीपर्यंत.

आमच्या दोन खोल्यांची मागची भिंत आणि लूमच्या कारखान्याची भिंत एकच. पलीकडे दिवसभर खटाखट, खटाखट चाले आणि अलीकडे आमच्या फळीवरच्या वाट्या हळूहळू कडेला सरकत येत. आई येताजाता त्यांना हातानं मागं ढकलायची. तिला ते करताना बघायचीही गरज पडत नसे. बाबा त्याच कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेला लूम खोलून पुन्हा चालू करणारे. त्यांच्या नखांतलं काळं तेल कधी निघालं नाही, लग्नाच्या फोटोतही ते दिसतं. त्या आवाजात राहून राहून आमच्या चाळीतल्या झाडून सगळ्या माणसांना ओरडून बोलायची सवय लागलेली होती. पाणी हवं का विचारायचं तेही ओरडून, कुणाच्या पोरीला बघायला पाहुणे येणार आहेत हे गुपित सांगायचं तेही कानाशी तोंड नेऊन ओरडूनच. भिवंडीबाहेरचा पाहुणा आला की त्याला वाटे आमच्याकडे सारखी भांडणंच चालतात. आजही मी फोनवर बोलायला लागले की नातू कानावर हात ठेवतो.

दिवाळीत चाळीतली ताटं फिरत. पितळी ताट, त्यावर क्रोशाचा रुमाल, आणि ते नेऊन द्यायचं काम आम्हा मुलींचं. ताट रिकामं परत यायचं नाही ही रीत सगळीकडेच असेल, पण आमच्याकडे आणखी एक बारीक रीत होती. जेवढं गेलं तेवढंच यायचं. आपण चार करंज्या दिल्या तर चार येणार, तीन नाही आणि पाचही नाही. कुणी हे कधी बोलून दाखवत नसे, पण ताट घरात आलं की रुमाल उचलून सगळ्या बायका मनात मोजत. आई मूळची आतल्या एका खेड्यातली, भातशेती करणाऱ्या घरातली. तिच्या माहेरी दिवाळीला करंजी नाही नि चकली नाही. नव्या भाताचे पोहे कांडायचे, तेच पाच-सात तऱ्हांनी करायचे आणि सकाळी एकमेकांच्या घरी जाऊन खायचे. लग्न होऊन चाळीत आली तेव्हा तिला चकलीचा सोऱ्या कसा धरायचा तेही ठाऊक नव्हतं. तिला सगळा फराळ शिकवला समोरच्या सबनीस काकूंनी. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी त्यांच्याबद्दल जे लिहिणार आहे ते वाचून त्या वाईट होत्या असं कुणाला वाटू नये. काकूंचे यजमान कोर्टात कारकून, घर पिढ्यान्‌पिढ्या भिवंडीतलं, आणि त्यांचे कानवले म्हणजे काय सांगू! करंजीचीच जात, पण पारीला पदर सुटलेले, एकेक पदर कागदासारखा, ओठाला लावला की मोडणारा. आई त्यांच्याकडून कानवले करायला शिकली, पण तिच्या हातून पदर कधी तसे सुटले नाहीत. तरी दर दिवाळीला समोरून चार कानवले यायचे आणि इकडून आईचे चार जायचे. चार घट्ट कानवल्यांच्या बदल्यात चार हलके, आणि तरी बरोबरी.

त्या वर्षी नवरात्राच्या सुरुवातीलाच कारखाना बंद झाला. सुताचे भाव, मंदी, मालकांचं आपसातलं काहीतरी. मोठी माणसं कारणं सांगत, ती मला तेव्हाही कळली नाहीत आणि आता विचारायला कुणी उरलं नाही. मला कळलं ते एवढंच, की फळीवरच्या वाट्या जागच्या जागी राहू लागल्या. आई सवयीनं हात फिरवायची आणि वाटी जागेवरच असायची. बाबा दिवसभर ओट्यावर बसून पान्हे पुसत. आईनं दिवाळीचं एकेक कमी करायला सुरुवात केली आणि ते तिनं इतक्या हुशारीनं केलं की मला त्याचा त्रासच झाला नाही. उटणं घरच्या मसुराच्या डाळीचं आणि संत्र्याच्या सालींचं. आकाशकंदील मागच्याच वर्षीचा, फक्त त्याला पतंगाचा निळा कागद. माझ्या फ्रॉकला खालून तिच्या जुन्या साडीची झालर, आणि वर मलाच सांगितलं की अशी फॅशन आलीय. फराळाचं मात्र ती काही बोलत नव्हती. तूप नाही, मैदा नाही, खोबरं नाही, आणि चार दिवसांवर दिवाळी.

सकाळी नळावर रांग होती. माझा नंबर काकूंच्या मागं. त्यांनी मला जवळ ओढलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि अगदी मायेनं, आपण हळूच बोलतोय अशा समजुतीनं, सांगितलं, "कुंदे, आईला सांग हो, यंदा ताट पाठवायची गरज नाही. तुमची ओढाताण आम्हाला कळते. तुमच्याकडून नको, आम्ही पाठवू तुम्हाला."

लूम बंद होते. चाळीत इतकी शांतता होती की बादलीत पडणारी धार ऐकू येत होती. आणि काकूंना हळू बोलता येत नव्हतं, आमच्यातल्या कुणालाच येत नव्हतं. नळावरच्या सगळ्या बायकांनी ऐकलं, ओट्यावर बसलेल्या बाबांनी ऐकलं, जिन्यातल्या पोरांनी ऐकलं. आणि मी? मी आनंदानं उड्या मारत घरी गेले. इतकी मठ्ठ पोर मी नंतर आयुष्यात पाहिली नाही.

"आई, सबनीस काकूंनी सांगितलंय, आपण काही पाठवायचं नाही! आपल्याला नुसतेच कानवले मिळणार!"

"ऐकलं मी," आई म्हणाली. "समद्यांनी ऐकलं."

तिनं फळीवरून पितळी ताट काढलं आणि चिंच घेऊन घासायला बसली. दिवाळीची भांडी आदल्याच दिवशी घासून झाली होती. आई चाळीत बोलताना शहरातलं बोलायची, काकूंनी तेही शिकवलं होतं; पण राग आला की तिचं माहेर तिच्या तोंडात परत यायचं. "काल्‌पर्यंत देनाऱ्यांत होतो," ती ताटाला म्हणाली, "आज घेनाऱ्यांत टाकलं. नळावर. पोरीच्या तोंडानं."

बाबा दारात आले. "जाऊ दे गं. तिच्या मनात काय वाईट न्हाय."

"म्हनूनच तं जास्त राग येतो. वाईट असतं तं भांडली असती मी. आता काय करू? चांगल्या मानसाशी भांडू कशी?"

हे वाक्य मी कितीतरी वर्षं जवळ बाळगून आहे. परवासुद्धा सुनेला मला तेच सांगायचं होतं. लाथ मारणाऱ्याचा राग सोपा असतो हो. डोक्यावरून हात फिरवता फिरवता तुम्हाला ओळीतून बाहेर काढून वेगळं बसवणारा माणूस, त्याचा राग करायला जागाच मिळत नाही, आणि म्हणून तो राग जात नाही. 'गरजू' म्हणे. त्या गोदामात माझ्या मामेभावाचा नातू पोती वाहतो. त्याच्या आईच्या हातच्या तांदळाच्या भाकरीला आमच्या अख्ख्या सोसायटीत कुणाची सर नाही. पण तिच्याकडून काही आणायचं कुणाला सुचलं का? नाही. तिच्याकडून नको.

दुसऱ्या दिवशी मामा आला. दर दिवाळीला तो आईसाठी नवं भात आणायचा, लक्ष्मीपुढं ठेवायला म्हणून थोडंसं. त्या वर्षी पाऊस वेळेवर झाला होता म्हणून की बहिणीची हकिकत कानावर गेली होती म्हणून, तो अर्धं पोतं घेऊन आला, वर दोन नारळ आणि गुळाची ढेप. पोतं टेकवून म्हणाला, "ताय, यंदा हळवं भात बेस झालंय. खा पोटभर."

आईनं पोत्यात हात घातला, मूठभर भात नाकाशी नेलं. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "जा, सलमाच्या अम्मीला विचार, त्यांचं उखळ दोन दिवस देतील का."

सलमाची अम्मी आमच्या शेजारची. त्यांचं सगळं घर लूमला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायचं काम करी, तेही आता रिकामं बसलेलं. उखळ द्यायला ती स्वतःच लोटत लोटत आली आणि परत गेलीच नाही. आईनं रात्रभर भिजवलेलं भात निथळून कढईत भाजायला घेतलं, तसा असा वास सुटला की पोरं जिना सोडून अंगणात आली. भाजलेलं भात गरम असतानाच उखळात टाकायचं आणि ते निवायच्या आत कांडायचं. एकटीनं होत नाही. दोघींनी समोरासमोर उभं राहून, एकीचं मुसळ वर तेव्हा दुसरीचं खाली. सलमाच्या अम्मीनं पदर खोचला. "अरे भाभी, ये तो हमारे गाँव का चूड़ा है! मेरे को क्या सिखाती हो?" आणि दोघी लागल्या. धप, धप, धप, धप. महिनाभर मुक्या पडलेल्या चाळीत पुन्हा काहीतरी वाजत होतं. मी पळत घरात जाऊन पाहिलं, फळीवरच्या वाट्या थरथरत होत्या. बाबा ओट्यावरून सगळं बघत होते, पण उठले नाहीत.

पहिल्या आंघोळीच्या सकाळी आईनं पोहे तीन तऱ्हांनी केले. नारळाच्या रसात गूळ घालून एक, ताकातले मिरची-आल्याचे एक, आणि कांद्याची फोडणी दिलेले एक. ताटात तीन वाट्या, वर क्रोशाचा रुमाल. सहा घरं होती, सहाही घरांत मी ताट नेलं. सलमाच्या अम्मीनं तिथंच उभ्या उभ्या बोट चाटून पाहिलं आणि ताटात तीन वाट्या शेवया घालून दिल्या. शेवटी काकूंकडे गेले. त्यांनी रुमाल उचलला. "अगं, पोहे?" त्या हसल्या. वाईट नाही, लहान मुलानं मातीची भाकरी करून आणली की हसतो तशा. "तरी सांगितलं होतं ना मी, नको म्हणून. थांब हं." आणि आत जाऊन त्यांनी ताट भरलं. चार नाही. कानवल्यांचा ढीग, त्यावर चकल्या, त्यावर लाडू, रुमाल वर टेकेना इतकं. ते ताट दोन्ही हातांनी धरून मी अंगण ओलांडलं तेव्हा मला आपण फार मोठं काहीतरी जिंकून आणतोय असं वाटत होतं.

आईनं ताट जमिनीवर ठेवलं आणि एकेक करून चार कानवले बाजूला काढले. बाकीचं तसंच ठेवून रुमाल झाकला. "परत देऊन ये."

"आई!"

"तिला सांग, ताटाला चारच."

मी रडले. हट्ट केला. बाबा म्हणाले, "पोरीला खाऊ दे की." आई नुसती ताटाकडं बघत उभी राहिली आणि मग मला कळलं की मी गेले नाही तर ती स्वतः जाईल, आणि ती गेली तर फार वाईट होईल. म्हणून मी गेले. कानवल्यांचा वास नाकाशी, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नाही.

"काकू, आईनं सांगितलंय, ताटाला चारच."

काकूंचा चेहरा बदलला. "एवढा कसला गं माज? मी तुमच्यासाठीच काढून ठेवलं होतं. घरात चूल धड पेटत नाही आणि—" त्या थांबल्या, पण सगळी चाळ ऐकत होती, आणि त्यांना ते माहीत होतं. मलाही. आणि तेव्हा, तिथं दारात, माझं रडणं थांबलं आणि तोंड गरम झालं. चार दिवसांपूर्वी नळावर जे मला कळलं नव्हतं ते आता एकदम कळलं. मी सगळा आवाज लावून ओरडले, "आमची चूल पेटते! पोहे कशावर केले मग?" आणि ताट त्यांच्या उंबऱ्यावर ठेवून पळाले. मोठ्या माणसाशी असं बोलले म्हणून आई मला रागावेल असं वाटलं होतं. तिनं चारांतला एक कानवला माझ्या हातावर ठेवला.

दोन दिवस समोरचं दार आणि आमचं दार एकमेकांकडं पाठ करून होती. दिवाळीत आवाज नाही, हाका नाहीत. लक्ष्मीपूजनाला आईनं मापात शिगोशीग नवं भात भरून देवीपुढं ठेवलं आणि उरलेल्या भाताचे पोहे कांडून वाटून संपवले. त्या दिवशी तिचं डोकं दुखत होतं. मला वाटतं तिला काकूंची आठवण येत होती. इतक्या वर्षांत दिवाळीच्या दिवशी त्या दोघी बोलल्या नाहीत असं झालं नव्हतं. तिनं हे कधी कबूल केलं नाही.

पाडव्याच्या सकाळी नळाला पाणी आलेलं, रांग लागलेली, आणि सबनीस काकू आपल्या दारातून निघाल्या. हातात रिकामी वाटी. अंगण ओलांडून त्या आमच्या उंबऱ्यापर्यंत आल्या. आत यायच्या ऐवजी तिथंच उभ्या राहिल्या.

"कुंदाची आई, ते नारळाच्या रसातले पोहे थोडे देतेस का गं? आमच्याकडे सगळ्यांना हवेत. हे तर सारखे मागतायत."

हे त्या ओरडून बोलल्या. आमच्याकडे सगळेच ओरडून बोलतात, त्यामुळे ते मुद्दाम होतं की सवयीनं, हे मी खात्रीनं सांगू शकत नाही. पण आत येऊन सांगता आलं असतं. मुलाला पाठवता आलं असतं. नळावर बादल्या भरून वाहायला लागल्या तरी कुणी त्या हलवत नव्हतं. काकूंनी तिथंच उभं राहून मागितलं, आणि ते सगळ्या चाळीनं ऐकलं.

आई पदराला हात पुसत दारात आली. घरात पोह्यांचा एक दाणा नव्हता. मला माहीत होतं, डबा मीच पालथा करून चाटला होता. मी आईकडं बघत राहिले.

"देते की, काकू," आई म्हणाली, तेवढ्याच मोठ्यानं. "आज संपलेत. उद्या सकाळी ताजे कांडते. वाटी राहू दे माझ्याकडं."

काकू गेल्या. आईनं देवीला हात जोडले, पुटपुटून काहीतरी सांगितलं आणि पुढ्यातलं भाताचं माप उचलून पाण्यात ओतलं. मी "आई, लक्ष्मीचं—" म्हणाले, तर म्हणाली, "तिला सांगलंय मी. ती बाईच हाय, तिला समजतं."

भाऊबीजेच्या सकाळी सलमाची अम्मी बाजारात गेली होती. भात भाजून तयार, निवत चाललेलं, आणि समोर दुसरं मुसळ धरायला कुणी नाही. आई एकटीच सुरू करणार तेवढ्यात बाबा ओट्यावरून उठले. त्यांनी पान्हे फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवले, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि मुसळ उचललं. आमच्याकडे पुरुषमाणूस उखळाला हात लावत नाही. आई नको म्हणेल असं वाटलं, पण तिनं नुसतं आपलं मुसळ वर नेलं. पहिल्यांदा दोघांचा ठेका चुकला. मग बाबांनी लूमचा आवाज ऐकताना करायचे तशी मान कलती केली, आणि जमलं. धप, धप, धप, धप. बाबांचा जोर महिनाभर साठलेला होता. उखळ जागेवरून सरकायला लागलं तशी आई हसून म्हणाली, "अवो, हळू, पीठ कराल."

पोहे मीच नेऊन दिले, काकूंच्याच वाटीत. त्यांनी वाटी घेतली, माझ्याशी नजर मिळवली नाही, मीही नाही. कारखाना पुढं संक्रांतीनंतर सुरू झाला आणि पुष्कळ दिवस पुष्कळ गोष्टी अवघडच राहिल्या; त्या दिवाळीनं आमचं काही पालटून टाकलं असं नाही.

परवाच्या निरोपाला मी उत्तर पाठवलं. लिहिलं, 'मी घरचं ताट देईन, पण ते भरून परत आलं पाहिजे. आणायला मी स्वतः गोदामावर येते.' कुणाला काही कळलं नाही. तीन अंगठे आले.

त्या भाऊबीजेला दुपारी काकूंचा मुलगा आमच्याकडं ताट घेऊन आला. पितळी ताट, क्रोशाचा रुमाल. आई चुलीपाशी होती. तिनं हात धुतले, पदराला पुसले, आणि ताट घेऊन खिडकीपाशी उजेडात गेली. रुमाल उचलण्याआधी क्षणभर थांबली. मी टाचा उंच करून तिच्या हाताखालून पाहिलं.

ताटात कानवले होते. चार. आईनं ते बोटानं एकेक करून मोजले, मग पुन्हा मोजले, आणि खिडकीतून समोर बघून, सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काकू, पोचले हो!"